कोंबड्यांचा कार्तिक

माझी अंडी शिळी आहेत असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. इथे बनारसच्या लंका भागातल्या केकवाल्या अनिशने ते भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हटलं. पांढरं फेटून फेटून त्याचा हात भरून आला, पण फेस उभा राहीना. "आंटी, पुराना माल मत दीजिए," म्हणाला. त्याच दिवशी सकाळी गोळा केलेली अंडी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तडक सारनाथला आमच्या शेडवर गेले आणि एक अंडं ताटात फोडलं. आमच्या घरात अंडं खात नाहीत, त्यामुळे फोडून बघायची वेळच येत नाही. ताज्या अंड्याचं पांढरं बलकाभोवती घट्ट उभं राहतं. हे पाण्यासारखं ताटभर पसरलं. खाद्याच्या पिंपात डोकं घातलं तर मासळीचा वासच नाही. सुक्या मासळीच्या पुडीचं पोतं कोपऱ्यात शिवलेलं तसंच. पिंपात नुसता कोंडा आणि देवळातला नैवेद्याचा भात. कोंबडीच्या पोटात प्रथिनं गेलीच नाहीत, तर पांढऱ्यात ती येणार कुठून?

खाद्य कालवण्याचं काम आमच्या यांचं. यज्ञेशशास्त्री, पंचगंगा घाटावर यात्रेकरूंची पूजा सांगतात. विचारलं तर शांतपणे म्हणाले, "कार्तिक आहे. रोज गंगास्नान करून मासळीत हात घालू?"

"मग अंडी कशी उचलता त्याच हातांनी?"

मला न विचारता कोंबड्यांना कार्तिक पाळायला लावला यांनी, आणि खोटारडी ठरले मी. मी म्हटलं, चला, अनिशला स्वतः सांगा.

आले. सगळं खरं सांगितलंही. ऐकून अनिश पटकन वाकला, यांच्या पाया पडला. "महाराज, आपने तो धर्म निभाया." दुकानातल्या माणसांनीही हात जोडले. यांनी आशीर्वाद दिला. मला जे बोलला होता ते मागे घ्यायचं अनिशला सुचलं नाही. घ्यायला लावायचं यांनाही सुचलं नाही.

मी परत शेडवर गेले, पोतं उसवलं आणि कोपरापर्यंत हात घालून मासळीची पूड स्वतः कालवली. घरी आले. हात धुतले नाहीत. त्याच हातांनी यांचं पान वाढलं. वरण, भात, वर तूप.

यांनी एकदा माझ्या हातांकडे पाहिलं, पानाभोवती पाणी फिरवलं आणि मुकाट्याने जेवायला लागले.