मूठ सैल केल्यावर

मी क्रोशाची सुई बोलतेय. म्हणायला सुई, पण मला ना टोचणारं टोक, ना दोरा ओवायला नेढं. आहे ती पुढे वाकवलेली मान. तिच्यात दोरा अडकवायचा, ओढून आणायचा आणि पुन्हा आल्या वाटेनं जायचं, एवढीच माझी विद्या.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. ठसा मारणाऱ्या यंत्रानं पोटावर नंबर उमटवला आणि माझं बारसं उरकलं. पुढे लोकरीच्या दुकानात काचेखाली पडून होते. तिथून मला टेलिफोन खात्यातल्या एका बाईंनी उचललं. त्या ऑपरेटर होत्या. अख्खं गाव त्यांचा आवाज ओळखायचं आणि चेहरा कोणालाच माहीत नव्हता. निवृत्त झाल्यावरही शेजारपाजारचे त्यांना ऑपरेटरबाईच म्हणत.

बाईंची बोटं म्हणजे काय सांगू! कानाला फोन, ओठांवर "थांबा, जोडून देते" आणि मांडीवर मी. घरात उघडी म्हणून वस्तू राहिली नाही. टीव्हीला झालर, पाण्याच्या तांब्याला टोपी, खुर्चीच्या पाठीला जाळी. बाईंचे यजमान म्हणायचे, की मी एका जागी जास्त वेळ बसलो तर ही मलाही विणून टाकेल. ते एका जागी पुष्कळ वेळ बसत, म्हणून त्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी बाईंच्या हातून टाके सुटू लागले. आधी दोष दोऱ्याला मिळाला, मग उजेडाला, मग चष्म्याला. चष्मा बदलला. नव्या चष्म्यातून सुटलेला टाका जास्त स्पष्ट दिसू लागला, एवढाच फरक. मला मात्र खरं काय ते ठाऊक होतं. सकाळी बाईंची बोटं लाकडासारखी असत. मधली पेरं सुजलेली, अंगठ्याच्या मुळाशी ठणका. टाका सुटेल म्हणून त्या मला आवळून धरत, आवळलं की जास्त दुखे, दुखलं की टाका सुटे. डॉक्टरांनी पाहून सांगितलं, सांधे झिजलेत. दुखलं की घ्यायला गोळ्या दिल्या.

बातमी घरात फुटली आणि जो तो काळजी करायला लागला. बाईंच्या धाकट्या दिरांना घरात सर्वज्ञ म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. त्यांनी एक तेल आणलं. त्याचा वास असा, की दुखणं राहिलं बाजूला, पाहुणे यायचे थांबले. मग तांब्याची अंगठी आणली. ती सुजलेल्या पेरावरून आत गेली आणि बाहेर यायला तयार होईना, तेव्हा सोनाराकडे जाऊन कापून घ्यावी लागली. सर्वज्ञ म्हणाले, अंगठीनं आपलं काम सुरू केलं होतं, तुम्हीच धीर धरला नाहीत.

मुलानं घरबसल्या वस्तू मागवल्या. गरम होणारे मोजे आले. बोटांना ताकद देणारा रबरी चेंडू आला. तो जाड प्लास्टिकच्या अशा वेष्टनात आला, की ते फोडायला बोटांत आधीच ताकद हवी. बाईंनी अर्धी सकाळ त्याच्याशी झटापट केली आणि शेवटी दातांनी फाडलं. पाकिटावर हसऱ्या आजीचं चित्र होतं. तिच्या हाती चेंडू आयता आला असावा.

एवढं करून गुण येईना, तेव्हा बैठक भरली. यजमान, मुलगा, सून आणि खास बोलावलेले सर्वज्ञ. विषय एकच, बाईंचं विणकाम बंद करायचं. मी टेबलावर आरोपीसारखी पडले होते. सगळं या सुईमुळे झालंय, यावर चौघांचं एकमत झालं. त्या घरात पंखा किती वेगानं फिरावा यावरही कधी एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. बैठकीला चहा लागला, तो बाईंनी केला. बिस्किटांचा डबा घट्ट बसला होता, तो बाईंनीच पोटाशी धरून उघडला. झाकण निघताना त्यांनी ओठ चावला. बाईंच्या बोटांबद्दलची चर्चा ऐन रंगात आली होती, त्यामुळे बाईंच्या बोटांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

यजमानांनी मला उचलून आपल्या खणात टाकलं. तिथे संपलेले सेल, दांडी तुटलेला चष्मा आणि कशाची ते कोणालाच माहीत नसलेली एक किल्ली, अशी मंडळी होती. बरा निवारा होता, पण गप्पांना अर्थ नव्हता.

खणातून मला घर ऐकू यायचं. पहाटे फरशी पुसायचं फडकं पिळल्याचा आवाज यायचा. मग परातीत पीठ मळल्याचा, मग भाजी चिरल्याचा. तो हात कोणाचा हे मी डोळे मिटून सांगू शकत होते. या कामांवर बंदी घालायचं बैठकीत कोणाला सुचलं नव्हतं. तो काही छंद नव्हता ना. आणि गंमत ऐका. एकदा सून हळूच म्हणाली, "आई, माझ्या मैत्रिणीला बाळ झालंय. एक टोपी कराल? घाई नाही, दुखत नसेल तेव्हा करा." सर्वज्ञांनाही आपल्या साहेबांच्या निरोपाला द्यायला शाल हवी होती. बंदी घालणारेच मागणी नोंदवत होते. बाई एवढंच म्हणाल्या, की सुई यजमानांच्या खणात आहे, परवानगी त्यांच्याकडून घ्या.

मग तो दिवस आला. सांगायलाही लाज वाटते. न्हाणीघरातलं पाणी तुंबलं होतं. यजमान खण धुंडाळत आले आणि त्यांची नजर माझ्या वाकलेल्या मानेवर थांबली. त्यांना केवढा आनंद झाला! मला मोरीच्या जाळीत खुपसून ते केसांचे गुंते ओढू लागले. पाणी धो धो वाहिलं तशी त्यांनी बाईंना मोठ्या कौतुकानं हाक मारली. म्हणाले, "बघ, सुई वाया नाही गेली. ही आता इथेच खिळ्याला टांगून ठेवू."

बाई दारात आल्या. यजमानांच्या हातातून त्यांनी मला काढून घेतलं आणि स्वयंपाकघरात नेलं. पातेल्यात कोमट पाणी घेतलं, साबण लावून मला धुतलं, आणि धुऊन झाल्यावरही किती तरी वेळ हात त्याच पाण्यात ठेवून उभ्या राहिल्या. मला त्यांची बोटं हळूहळू सैल होताना कळत होती. यजमान मागे येऊन घुटमळत होते. बाई वळून न पाहताच म्हणाल्या, "अहो, उद्या मी दवाखान्यात हाताचे व्यायाम शिकवतात त्या बाईंकडे जाणार आहे. एकटी. ही सुई बरोबर घेऊन."

व्यायामाच्या त्या बाई सुनेच्या वयाच्या होत्या. त्यांनी सल्ला द्यायची घाई केली नाही, ही मला त्या दिवसांतली पहिली नवलाची गोष्ट वाटली. एकेक पेर हलवून पाहिलं. मला बाईंच्या हातात देऊन थोडं विणायला सांगितलं. मग विचारलं, सकाळी उठल्यापासून या हातांनी काय काय करता? बाई सांगत गेल्या आणि त्या ऐकत गेल्या.

"विणणं बंद करू नका," त्या शेवटी म्हणाल्या. "थोडं थोडं करा, दुखायच्या आधी थांबा. पण पिळणं, मळणं आणि घट्ट झाकणं उघडणं तूर्त दुसऱ्यानं करायचं. घरात आहे कोणी?"

"आहेत ना," बाई म्हणाल्या. "तीन माणसं आहेत. तिघांनाही माझ्या बोटांची फार काळजी आहे."

त्या बाईंनी हसू दाबलं आणि मला हातात घेतलं. माझ्या कमरेला त्यांनी मऊ फोमची नळी चढवली, म्हणजे मला आवळून धरायला नको. इतकी वर्षं जपलेला माझा बांधा एका क्षणात गेला. मी गाजरासारखी दिसू लागले. अंगठ्याला आधाराची पट्टी मिळाली, जाड दोरा घ्यायचं ठरलं, आणि विणायच्या आधी हात कोमट पाण्यात धरायचे. झीज भरून येणार नाही, हेही त्यांनी सरळ सांगितलं. काही दिवस चांगले जातील, काही नाही जाणार.

घरी येऊन बाईंनी हे सगळं चौघांपुढे जसंच्या तसं सांगितलं. कोमट पाण्यापर्यंत सगळे माना डोलावत होते. पिळण्या-मळण्यापाशी माना थांबल्या. सर्वज्ञांनी त्या पोरीचं शिक्षण कुठे झालं याची चौकशी केली आणि त्यांना अचानक काम आठवलं. ते गेले.

फडकं मुलाच्या वाट्याला आलं. पहिल्याच सकाळी त्यानं कमरेवर हात ठेवून विचारलं, "आई, हे रोज करतेस तू?" सुनेनं पीठ मळायला घेतलं. ते आधी पातळ झालं, मग दगड झालं, मग जमलं. यजमानांकडे झाकणं आली. बरणी उघडली की ती उघडल्याचं ते घरभर सांगत. मोठा पराक्रम गाजवल्यासारखे दिसत, पण उघडत होते, हे मी मान्य करते. बाळाच्या टोपीला आणि साहेबांच्या शालीला बाईंनी नाही म्हटलं. नाही म्हणताना आवाज अगदी ऑपरेटरचा होता, गोड आणि शेवटचा. सर्वज्ञांनी शाल बाजारातून आणली.

सध्या बाई स्वतःसाठी जाड लोकरीचा एक सैलसर कोट विणताहेत. वेग पूर्वीच्या निम्माही नाही. कधी हात इतके आखडतात, की मला उचलून पुन्हा खाली ठेवतात. त्या दिवशी दोघी नुसत्या खिडकीशी बसतो. दुखणं गेलेलं नाही. ते आमच्याबरोबर राहतं, फक्त आता घर त्याच्या हातात नाही.

तुमच्याही घरात कोणाची बोटं दुखत असतील. त्यांच्या हातातली आवडीची वस्तू काढून घेण्याआधी त्या हातात आणखी काय काय आहे ते जरा बघा. आधी ते काढून घ्या. आणि कृपा करून आम्हाला मोरीत घालू नका.

चला, बाईंनी हात पुसले. पट्टी बांधताहेत. आज गार हवा आहे, ठणका आहे, दोनच ओळी होतील म्हणाल्या.

दोन तर दोन.