माझी किंमत सतरा वेळा बदलली

मित्रांनो, माझं वजन साडेआठ किलो आहे. अंगाचा रंग एकेकाळी हिरवा होता, आता तो कुठेकुठेच उरला आहे. लोक मला रीलोडिंग प्रेस म्हणतात. बंदुकीची गोळी सुटून गेली, की मागे पितळेची एक रिकामी नळी उरते. तिला पुंगळी म्हणतात. गोळी सुटताना ही पुंगळी फुगते. ती माझ्यात बसवून दांडा खाली ओढला, की ती परत मापात येते आणि तिच्यापासून पुन्हा काडतूस तयार करता येतं. हे काम परवाना असलेल्या मोठ्या माणसांचं. मुलांनी त्याच्या वाटेला जायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म १९७४ साली बर्मिंगहॅममधल्या एका छोट्या ओतकाम कारखान्यात झाला. तो कारखाना कधीच बंद पडला. पहिली काही वर्षं मी वेल्समधल्या एका शाळामास्तरांकडे होतो. त्यांच्याकडून मला बबन गायकवाड यांनी घेतलं, आणि माझं खरं आयुष्य तिथून सुरू झालं.

बबनराव नागपूरचे. कार्डिफच्या सरकारी इस्पितळात ते रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायचे. तिथल्या एका सोबत्याने त्यांना रायफल क्लबमध्ये नेलं आणि नेमबाजीचं वेड लागलं ते कायमचं. बौद्ध माणसाने बंदूक कशी काय धरली, असं चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात त्यांना कुणी ना कुणी विचारायचंच. ते शांतपणे म्हणायचे, "अहो, मी कागदाला भोकं पाडतो. तीही कधीकधी चुकतात."

त्यांच्या गॅरेजमधल्या बाकावर मी छत्तीस वर्षं घट्ट बसवलेला होतो. कामाला सुरुवात करताना रेडिओ बंद, फोन बाहेर. काडतुसात किती दारू भरायची ते सांगणाऱ्या पुस्तकातलं पान उघडून, तोच आकडा पाठ असला तरी पुन्हा वाचायचा. काम झालं की तेलाचा एक थेंब माझ्या सांध्यात. क्लबात नवीन आलेल्यांना ते माझ्याजवळ आणून शिकवायचे. "घाई असेल तर आज नको," हे त्यांचं पहिलं वाक्य असायचं. कुणी माझं कौतुक केलं, की मला आपला दांडा अधिकच हलका झाल्यासारखा वाटायचा.

गेल्या हिवाळ्यात बबनरावांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. रायफल आणि बंदुकीची दारू क्लबच्या माणसांनी रीतसर सांभाळायला नेली. बबनराव सहा आठवडे मुलीकडे राहायला गेले. मुलगी दीक्षा त्याच इस्पितळात नर्स आहे. पाय घसरून पडलेली म्हातारी माणसं तिने रोज पाहिलेली. वडिलांनी आता काठी टेकत गॅरेजात उभं राहू नये, असं तिच्या मनाने घेतलं. एका रविवारी ती आली, गॅरेज रिकामं केलं, आणि मला बाकावरून काढून एका दुकानाला पस्तीस पौंडांना विकून टाकलं. वडिलांना तिने विचारलं नाही.

ते दुकान बेसिंगस्टोकला, एका बिझनेस पार्कच्या टोकाला होतं. नेमबाजीचं सामान ते इंटरनेटवर विकायचे. पुढच्या बाजूला एक छोटा काउंटरही होता, कारण काही वस्तू परवाना दाखवून समोरासमोरच द्याव्या लागतात. दुकान मालविका दिघे आणि तिचा धाकटा भाऊ कबीर चालवायचे. दोघं जन्माने इथलीच. मालविकाचं मराठी घरात आजीशी बोलून पक्कं झालेलं, कबीरचं जरा लंगडतं.

मला फळीवर ठेवलं आणि माझ्या पायाशी एक छोटी काचेची पट्टी लावली. तिच्यावर करड्या अक्षरांत आकडा उमटला: ७५ पौंड. तासाभराने पट्टी लुकलुकली आणि तिथे ७९ आले. मी चपापलो. छत्तीस वर्षांत माझा एक स्क्रूसुद्धा कुणी न सांगता बदलला नव्हता.

हळूहळू मला कळलं. कबीरने एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो दर तासाला बाकीच्या दुकानांच्या किमती पाहायचा, आपल्या दुकानात कोणत्या वस्तूकडे किती लोक बघतायत ते मोजायचा, आणि त्याप्रमाणे आकडे वरखाली करायचा. सगळ्या फळीला तीच गत. गोळ्यांचे डबे सकाळी नऊला महाग, दुपारी स्वस्त, संध्याकाळी पुन्हा महाग. दारू बाजारात मिळेनाशी झाली, तेव्हा तर तिच्या डब्याखालची पट्टी दिवसभर पापणीसारखी मिटत उघडत होती. काउंटरवर येणारी माणसं वैतागलेली असायची. एक गृहस्थ फोनमधला फोटो दाखवत म्हणाले, गाडी लावली तेव्हा हाच डबा चार पौंडांनी कमी होता. मालविकाने त्यांना जुन्या भावाने दिला आणि ते गेल्यावर कपाळ चोळलं.

माझ्या पट्टीला मात्र उतरणं माहीतच नव्हतं. ८८ झाले, ९६ झाले. मग १२०. रात्री दिवे मालवले तरी करडा आकडा दिसायचा, आणि मला उगाच वाटायचं की आपल्यात काहीतरी बदललंय. मी तर जागचा हललोही नव्हतो. शेवटी १८९ पौंड झाले. माझ्याच शेजारी पेटीत बंद असलेला कोराकरकरीत प्रेस १६५ ला होता.

"हे बरोबर नाही वाटत," मालविका म्हणाली.

"अगं, तो प्राइस वर गेला म्हणजे लोकांना पाहिजे," कबीर म्हणाला. "व्हिंटेज आहे ना. प्रोग्रॅम चूक नाही करत."

मग एक दिवस आकडा कोसळायला लागला. १४०, ११०, ८२. गुरुवारी सकाळी ६४ वर आला आणि दहा मिनिटांत लीड्सच्या कुणा मिस्टर अॅटकिन्सननी मला विकत घेतलं. सतरा वेळा बदललेली माझी पट्टी कोरी झाली. कबीरने मला खोक्यात ठेवलं आणि भोवती कागद कोंबले. कुरिअरची गाडी चारला यायची होती.

पत्त्याची चिठ्ठी चिकटवताना मालविका थांबली. "एवढा वर चढून असा धाडकन का पडला रे?" असं म्हणत तिने कॉम्प्युटर उघडला.

"कबीर, इकडे ये. अकरा दिवसांत दोनशे बारा वेळा या प्रेसचं पान उघडलं गेलंय. त्यातले दोनशे चार एकाच अकाउंटवरून, कार्डिफहून. सोमवारपासून एकदाही नाही."

"एकच माणूस?"

"एकच. दीक्षा गायकवाड. अकाउंटवर तिचा नंबर आहे. ती बघत होती म्हणून आपण वाढवत होतो. आपण वाढवत होतो म्हणून ती पुन्हा पुन्हा बघत होती."

मालविकाने फोन लावला आणि टेबलावर ठेवला. सुरुवातीला इंग्रजीत बोलली, मग म्हणाली, "दीक्षाताई, मराठीत बोललं तर चालेल ना?"

पलीकडून आलेला आवाज मी लगेच ओळखला.

"विकलं गेलं का ते?" दीक्षाने विचारलं.

"आज सकाळी गेलं. पण अजून इथेच आहे. तुम्हाला हवं होतं, तर घेतलं का नाहीत?"

"मीच तुम्हाला विकलं होतं हो. बाबांना न विचारता. ते घरी आले, गॅरेजचं दार उघडलं, बघितलं आणि बंद केलं. मला एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आता नुसते या खोलीतून त्या खोलीत फिरत असतात. तुमच्या साइटवर दिसलं तेव्हा म्हटलं, उद्या उतरेल, मग गुपचूप आणून लावते. दर ब्रेकला बघायचे. जेवताना बघायचे. वाढतच गेलं. सोमवारी बाबांनी माझ्या हातातला फोन पाहिला. म्हणाले, ठेव तो. मग ठेवला."

फोन बंद झाल्यावर कबीर हळू आवाजात म्हणाला, "ऑर्डर कॅन्सल केली तर तो माणूस खराब रिव्ह्यू देणार."

"देऊ दे," मालविका म्हणाली, आणि तिने लीड्सला फोन केला. मला वाटलं, मिस्टर अॅटकिन्सन विरघळतील. तसं काही झालं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, व्यवहार म्हणजे व्यवहार. चौसष्ट पौंडांतच कोरा प्रेस पाठवा, वर पुंगळ्या मापात आणणाऱ्या साच्यांचा एक संच द्या, मग जुना सोडतो. मालविकाने ओठ चावला आणि हो म्हणाली. चारची गाडी आली तेव्हा माझ्या जागी ती नवी पेटी गेली. ती पेटी जाताना कबीरने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला त्याची दया आली.

मालविकाने दीक्षाला पुन्हा फोन करून कळवलं, आणि शनिवारी बबनराव आले. दोन कुबड्या, डोक्यावर लोकरीची टोपी, मागे दीक्षा. दुकानात शिरताच त्यांनी मला पाहिलं, पण घाई केली नाही. आधी मालविकाला नमस्कार केला, "जय भीम" म्हणाले, तब्येत विचारली. मग एक कुबडी मुलीकडे देऊन माझ्या दांड्यावर हात ठेवला. तळहात पूर्वीपेक्षा हलका लागला.

"आजचा भाव काय?" त्यांनी विचारलं.

"काका, तुम्ही तसंच घेऊन जा," मालविका म्हणाली. "चूक आमची आहे."

"तुमची चूक नाही. तुम्ही केवढ्याला घेतलं होतं?"

"पस्तीस."

त्यांनी खिशातून पस्तीस पौंड काढून काउंटरवर ठेवले. कबीर कॉम्प्युटरमागून उठून आला. "अंकल, मी तो प्रोग्रॅम बदललाय. आता एक माणूस कितीही वेळा बघितलं, तरी प्राइस नाही वाढणार."

"चांगलं केलंस," बबनराव म्हणाले. "आमच्या लॅबमध्ये मशीन काहीही आकडा दाखवो, एका माणसाने तो डोळ्यांनी बघायचा असा नियम होता. तेवढंही कर."

मग ते दीक्षाकडे वळले. तेव्हा कळलं की ते तिच्याशी या विषयावर अजून बोललेच नव्हते.

"मला विचारायचं होतंस."

"हो, बाबा."

"मी नाही म्हणालो असतो, म्हणून नाही विचारलंस."

दीक्षाने मान खाली घातली. "तुम्ही पडाल अशी भीती वाटली. रोज बघते मी तिकडे."

"मग तसं सांगायचं. मी बसून काम केलं असतं. उंच स्टूल मिळतं." त्यांनी आपली दुसरी कुबडीही तिच्या हातात दिली आणि काउंटरला टेकून उभे राहिले. "मी काय वेडा आहे का, पडायला?"

दीक्षा हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मालविका उगाचच फळीवरचे डबे सरळ करत राहिली.

परत जाताना गाडीत मला मागच्या सीटवर ठेवून पट्टा लावला. रेडिंगच्या पुढे पाऊस लागला. बापलेक भांडत होते. बाक खिडकीखाली हवा की भिंतीलगत, स्टूलला पाठ हवी की नको. इतक्या दिवसांचं साचलेलं बोलणं होतं ते. ब्रिस्टल येईपर्यंत संपलं नाही.

मित्रांनो, त्या दुकानातल्या पट्ट्या आजही लुकलुकत असतील. मला त्यांचा राग नाही. त्या आकड्यांवर लोकांची पोटं चालतात. मी लोखंडाचा तुकडा आहे, माझी किंमत पस्तीस की एकशे एकोणनव्वद हे मला आजही सांगता यायचं नाही. पण एक विनवणी करतो. तुमच्या घरातल्या थकलेल्या माणसाच्या हातातली एखादी वस्तू तुम्हाला अडगळ वाटली, धोक्याची वाटली, तर जरूर काढा. फक्त आधी त्यांच्यासमोर जाऊन बसा आणि तुम्हाला कशाची भीती वाटते ते त्यांना सांगा. आणि मला तेल घालायचं असेल, तर एकच थेंब. दीक्षाने काल सात घातले.