पहिली गाठी

मनकर्णाबाईंनी ओल्या फडक्यानं कढईच्या कडा पुसून घेतल्या. कडेला चिकटलेला साखरेचा एक दाणा जरी पाकात पडला, तरी सगळा पाक त्याच्या नादी लागून वेळेआधीच दाणेदार होतो, हे चाळीस वर्षं साखरेच्या गाठ्या करून त्यांना ठाऊक होतं.

पाकाला तार आली. त्या झाऱ्यानं कढईच्या अंगाला पाक घोटू लागल्या. काचेसारखा पाक दुधाळ झाला. आता तो झटपट लाकडी साच्यात ओतायचा. पण घोटायचं नि ओतायचं काम नवऱ्याचं, वासुदेवरावांचं. साच्यात दोरा ताणून धरायचं तेवढं मनकर्णाबाईंचं. वासुदेवराव पावसाळ्यात गेले. मनकर्णाबाई दोऱ्याकडे वळल्या, तेवढ्यात कढईत पाकाचा दगड झाला.

साखरेचं पोतं घेऊन आलेले किराणावाले भैय्याजी दारातून डोकावले.

“काकू, गाठ्या करून राहिल्या का खडीसाखर?”

“साखर तुमच्याच दुकानची ना. तुमच्यासारखीच बसली की उठत नाही.”

भैय्याजी हसले. “रेणूताईले बोलवा ना नागपूरहून मदतीले.”

“तिनंच तर पैज लावली.”

पैज सरळ होती. होळीच्या आत एकटीनं एक घाणा गाठ्या करून दाखवल्या, तर आईनं तुमसरलाच राहायचं. नाही जमलं, तर सामान बांधून नागपूरला जायचं. “जावयाच्या घरी मी पाय पसरणार नाही,” असं मनकर्णाबाई तेव्हा ताठ मानेनं म्हणाल्या होत्या.

भैय्याजी गेल्यावर त्यांनी कढईत पाणी घालून साखर पुन्हा विरघळवली. आता साच्याच्या दोन्ही फळ्या सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळल्या, दोऱ्याच्या टोकांना वजनं अडकवली आणि पाक थोडा थोडाच घोटला. ओतला. हात भाजला, पण थांबल्या नाहीत.

साचा उघडला तेव्हा गाठी अख्खी निघाली. पांढरीशुभ्र, पदकांच्या कडा धारदार. दुपारपर्यंत दांडीवर वीस गाठ्या लोंबत होत्या.

घरची रीत अशी, की पहिली गाठी घरातल्या सगळ्यात लहान पोराच्या गळ्यात घालायची, मगच बाकीच्या बाजारात. रेणू लग्न होऊन गेली, तेव्हापासून वासुदेवराव स्वतःच मान वाकवून उभे राहत. “घाल, आता लहान मीच.” आणि दिवसभर ती गाठी घालून दुकानात बसत.

मनकर्णाबाईंनी पहिली गाठी दांडीवरून काढली. ती दोन्ही हातांत धरून त्या उभ्या राहिल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या, तिथून परत आल्या.

फोन वाजला.

“आई, काय झालं? जमलं का?”

मनकर्णाबाईंनी दांडीकडे पाहिलं.

“नाही जमलं वं. कढईतच दगड झाला.”

“म्हटलं होतं ना मी! एवढा हट्ट काहून करत होती? रविवारी येतो आम्ही तुले न्यायले.”

पलीकडे नातीचा, मोनाचा, कशावरून तरी हसण्याचा आवाज आला. मनकर्णाबाईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

“रविवार लय दूर हाये वं,” त्या म्हणाल्या. “उद्या नाही का जमत तुले?”