पंपाचा पार्ट

"सुयांची नाकं बारीक केलीत मेल्यांनी," आई माझ्या कानाशीच पुटपुटली. "दोरा जाईना, आन् म्हणत्यात माझे डोळे गेले."

मी सुई ओवून दिली. खंडेनवमीचा दिवस, अंबडमधलं आमचं वर्कशॉप, आणि मशिनींना हार घेऊन आलेली माझी आई, नवसाबाई. मखमलाबादेत तिचा अर्धा एकर झेंडू आहे. दरवर्षी हार टेकवून, चहा पिऊन ती निघते. यंदा मात्र गोणपाट टाकून माझ्या इन्स्पेक्शनच्या टेबलाला टेकून बसली. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी तिच्याकडेच राहते, आणि आमच्या घरात तेवीस दिवस हेच चाललं होतं.

माझा धाकटा भाऊ नवनाथ रशियात आहे. एजंटने हॉटेलातलं काम म्हणून नेला. सुरुवातीला रोज फोन यायचा, "ताई, बटाटे सोलून बोटं गोठली गं." मग एक फोटो आला. मी तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. अंगातला हिरवट ठिपक्यांचा कोट हॉटेलातला नव्हता. आईला फोटो दाखवला नाही. त्यानंतर तेवीस दिवस फोनच बंद. "थंडीचा मुलूख, रेंज जात असेल," असं मी आईला सांगते, आणि आई तेच शेजारच्या लंकाबाईला.

"शुभांगी, लॉट झाला का? तीनला टेम्पो येईल," खंडेराव शेठ ओरडले. वर्कशॉप त्यांचं, नावही सणाला साजेसं, म्हणून सकाळपासून धोतर नेसून तेलकट फरशीवरून जपून चालत होते.

"शेवटचा ट्रे राहिलाय."

ट्रेमध्ये चकचकीत, एका टोकाला निमुळते होत गेलेले पोलादी तुकडे. लोटीएवढे. प्रत्येकात गेज घालून बघायचं. एक बाजू आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. मग कागदावर माझी सही. तिच्याशिवाय लॉट जागचा हलत नाही. ड्रॉइंगवर नुसता नंबर असतो. माल पुण्याला जातो. पुढे कुठे, ते आम्ही विचारलेलं नाही. आम्ही त्याला पंपाचा पार्ट म्हणतो. कोणी ठरवलं कोण जाणे, पण सगळे म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी महिन्याला दोनशे निघायचे. तिकडे युद्धात एक शहर पडलं, इकडे दुसरी शिफ्ट सुरू झाली. तहाची बोलणी फिसकटली, तिसरी सुरू झाली. युद्ध कसं चाललंय हे कळायला आम्हाला पेपर लागत नाही, हजेरीपत्रक पुरतं.

"मुळात सगळं बांधावरनं," लेथ पुसता पुसता भारत म्हणाला. भारत आमचा टर्नर, देवळ्याचा. जगातली कुठलीही गोष्ट त्याला बांधावर आणता येते. "एक म्हणतो, हे शिवार माझ्या आज्याचं. दुसरा म्हणतो, सातबारा माझ्या नावावर."

"मग बाकीचे देश कशाला पडले मध्ये?" शेठ म्हणाले.

"गावात काय होतं शेठ? कोणी ह्याला कुऱ्हाड पुरवतो, कोणी त्याला. आणि पारावर बसून म्हणत्यात, लय वाईट झालं."

कोणी हसलं नाही. आपण काय बोललो ते भारतलाही ऐकू आलं असावं. पुसून झालेला लेथ तो पुन्हा पुसू लागला.

पूजेच्या पाटावर नट आवळायचे पाने, मापाचं व्हर्नियर, जुनं गेज मांडून झालं. रीत अशी, की त्या दिवशीचा पहिला जॉबही, म्हणजे पहिला तयार तुकडाही, हळदकुंकू लावून पाटावर ठेवायचा. गेली तीन वर्षं शेठ जॉबऐवजी कपाटातलं एक जुनं पितळी बुश काढून देतात. आईला हे माहीत असायचं कारण नव्हतं. पूजेपर्यंत ती कधी थांबलीच नव्हती.

मी शेवटच्या ट्रेवर होते. गेज आत जात होतं, बाहेर येत होतं. एखादा तरी तुकडा नापास व्हावा म्हणून मी डोळे फाडून बघत होते. पण भारतचा हात मेला इतका चांगला, की होईना.

तेवढ्यात आईने ट्रेमधला एक तुकडा उचलला. पदराने पुसला, त्यात सुटे झेंडू भरले आणि पाटाच्या मधोमध ठेवला. शोभून दिसला, खोटं कशाला बोलू.

"नवसाबाई, तो नको!" शेठ धोतर सावरत धावले.

"का? फुटतो का काय? चांगला लोखंडाचा तर हे. कशाचा हे ह्यो?"

"पंपाचा," शेठ म्हणाले.

"पंपाचा पार्ट, मावशी," भारत खाली बघून म्हणाला.

आईने माझ्याकडे पाहिलं.

"पंपाचाच गं," मी म्हणाले.

वडील गेल्यापासून वीस वर्षं विहिरीवरची मोटर तिने स्वतः खोललीय, स्वतः जोडलीय. हे तिघांपैकी निदान मला तरी आठवायला हवं होतं. तिने फुलं ओच्यात काढून घेतली. तुकडा उलटा केला, आतून बोट फिरवलं, आट्यांपाशी थांबवलं.

"पंपाला पाणी घ्यायला एक वाट लागते, टाकायला दुसरी. ह्याला नुसती भरायची जागा हे."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. शेठनी कागद माझ्यापुढे सरकवला, पेनही उघडून दिलं. मी ते हातात घेतलं.

"शुभे," आई म्हणाली, "तुझ्या फोनातला त्यो फोटो म्या पाहिलाय. तू अंघोळीला गेली होती तवा."

"आई, इथे नको..."

"मग कुठं?" तिने तो तुकडा माझ्या कागदावर, सहीच्या जागेवरच ठेवला. आतून झेंडूची एक पाकळी पडली. "हा पंप नाय. तोफेचा गोळा हे. आन् माझा नवनाथ तिथं बटाटे सोलत नाय, ह्याच्या म्होरं हुबा हे."