‘नीलम’च्या जागेवरचं लग्न

धनराजच्या वडिलांनी पिंपळगावजवळ हायवेलगत चालवलेला ‘नीलम’ बार अख्ख्या जिल्ह्यात बदनाम होता. नावाला ऑर्केस्ट्रा, प्रत्यक्षात बायकांचा नाच. द्राक्षांच्या हंगामात बाहेर गाड्यांची रांग लागायची. पुढे धाडींना कंटाळून वडिलांनी तो बंद केला, आणि ते गेल्यावर धनराजने सगळं पाडून तिथे लग्नाचा हॉल उभारला. तरी पत्ता सांगताना लोक अजून ‘नीलमची जागा’ म्हणत, आणि धनराजची मान खाली जाई.

गेल्या दिवाळीनंतर चांदवडचे खंडेराव मुलाच्या लग्नासाठी भाऊबंदांसह हॉल बघायला आले. सोबत नवऱ्या मुलीची आई होती, नाशिकला शिवणक्लास चालवणारी. तिने पदर सारखा केला आणि धनराजने तिला ओळखलं. सुवर्णा! तो कॉलेज सुटल्यावर बारच्या गल्ल्यावर बसायचा, तेव्हा ती इथे गायची, फर्माईश आली की नाचायचीही. नवरा वारलेला, घरी तान्ही मुलगी. तिनेही त्याला ओळखलं असावं. तिचा चेहरा उतरला.

खंडेरावही त्याला आठवत होते. पुढच्या सोफ्यावरचं नेहमीचं गिऱ्हाईक. सुवर्णाला मात्र त्यांनी ओळखलं नाही. तिच्या तोंडाकडे त्यांनी तेव्हाही कधी नीट पाहिलं नसावं.

“काय शेठ, इथं पूर्वी लय भानगडी चालायच्या म्हणे?” खंडेरावांनी डोळा मिचकावला. “कसल्या कसल्या बाया यायच्या! बांधताना गोमूत्र शिंपडलं का नाय?”

भाऊबंद खो खो हसले. आलेलं बुकिंग जायला नको म्हणून धनराजही हसला. “होम घातला, भाऊ. सगळं शुद्ध करून घेतलंय.”

सुवर्णा खिडकीबाहेर बघत राहिली. तिचा ताठरलेला जबडा दिसला आणि त्याचं हसू जागीच विरलं.

मंडळी स्वयंपाकघर बघायला गेली. ती मागे थांबली.

“माझ्या मुलीला, सृष्टीला, यातलं काही माहीत नाही,” ती हळूच म्हणाली.

“ताई, माझ्या तोंडून कधीच...”

“ते कळतं मला. पण तुम्ही हसलात, धनराज. आमच्या नाचण्यावर तुमचं शिक्षण झालं. मग शुद्ध कुणापासून करून घेतलंत?”

धनराजला कुठे तोंड लपवावं कळेना. “तारीख शिल्लक नाही असं सांगतो त्यांना,” तो पुटपुटला. “दुसरीकडे बघा.”

“का? मी का पळू? तारीख द्या.”

तेवढ्यात खंडेराव परतले. “मग शेठ, त्या बायांचं पुढं काय झालं?”

“संसार केले त्यांनी, भाऊ. पोरं शिकवली.” धनराज त्यांच्याकडे बघत म्हणाला. “बार माझ्या वडिलांचा होता. मी गल्ल्यावर बसायचो. पुढच्या सोफ्यावर कोण कोण बसायचं, ते तिथून दिसायचं मला.”

घाम पुसत खंडेरावांनी तारीख पक्की केली आणि चहाही न घेता निघाले. सुवर्णाने धनराजकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

लग्नाच्या दिवशी ती दारात उभी राहून पाहुण्यांना अक्षता देत होती. खंडेराव तिच्याशी अदबीने बोलत होते. धनराज मात्र दिवसभर ऑफिसातच बसून राहिला. जेवायचं बोलावणं दोनदा आलं, पण त्या पंगतीत जाऊन बसायची त्याची हिंमत झाली नाही.