अन्यायाला दुसरा शब्द

धोंडुबाईंच्या उसाची पाण्याची पाळी सलग तिसऱ्यांदा चुकली. आमच्या पाणीसंस्थेत चुकलेली पाळी वाया जात नाही; ती चेअरमन नानासोंच्या रानात जाते. बाईंच्या उसाची पानं वाळून वाजायला लागली होती. आणखी आठ दिवस पाणी नाही मिळालं, तर तो चुलीत घालण्यापुरताच उरणार होता.

बाईंनी आकारामांकडून अर्ज लिहून घेतला. आकाराम कडेगावच्या कचेरीतले रिटायर कारकून. त्यांनी अर्जात 'अन्याय' लिहिलं. संस्थेचा सेक्रेटरी धैर्यशील सज्जन माणूस. त्यानं बाईंना बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं, 'अन्याय' असला तर विषय वार्षिक सभेपुढं जातो, सभा दिवाळीनंतर. मग 'पक्षपात' लिहिलं. त्याला चौकशी समिती लागते आणि समितीचे अध्यक्ष नानासोंचे मेहुणे, लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलेले. 'दुजाभाव' हा शब्द धैर्यशीलला घरगुती वाटला, सासू-सुनेतला. तो ठरावात कसा घ्यायचा? 'मनमानी'ला वकिलाचा सल्ला लागत होता. यात चार दिवस गेले. आकारामांना मात्र हुरूप चढला होता. त्यांच्याकडे अजून सहा शब्द शिल्लक होते.

"ऱ्हाऊ द्या आता," धोंडुबाई म्हणाल्या. "तुमचं शब्द संपंस्तवर माजा ऊस जळंल. चांगलं काय लिवता येतंय का तुमास्नी?"

रविवारी सकाळी एसटी थांब्यासमोर फ्लेक्स लागला. फेटा बांधलेल्या नानासोंचा फोटो आणि खाली मजकूर: 'स्वतःची पाळी धोंडुबाई या भगिनीच्या उसाला देणारे दानशूर चेअरमन मा. नानासो यांचे जाहीर आभार. पाणी सोमवारी सकाळी आठ वाजता सुटेल. शुभेच्छुक, समस्त ग्रामस्थ.' समस्त ग्रामस्थांना कुणी विचारलं नव्हतं. पण फ्लेक्सवर घालताना त्यांना कधीच विचारत नाहीत.

नानासो चौकात येईपर्यंत दहा वाजले होते. तोवर दोघांनी फ्लेक्सला हार घातला होता. डेअरीवरच्या बायकांनी नानासोंना वाकून नमस्कार केला. साताऱ्याहून व्याह्यांचा फोन आला, फोटो पोचला, ऊर भरून आला म्हणून. फ्लेक्स उतरवायचा तर कारण सांगावं लागलं असतं. नानासो तडक बाईंच्या दारात गेले.

"काकी, मला न इचारता?"

"तुमी पाळी नेताना मला इचारलं हुतं व्हय, नाना?"

नानासोंनी चहा घेतला आणि ते निघाले.

सोमवारी आठच्या ठोक्याला पाणी सुटलं. व्हॉल्व्ह नानासोंनी स्वतः फिरवला. फोटोवाल्यासाठी दोनदा फिरवला. दुपारपर्यंत शेवटची सरी भिजली.

मंगळवारी आकारामांच्या ओट्यावर तिघे जण येऊन बसले होते. तिघांच्याही पाळ्या चुकल्या होत्या, आणि तिघांनीही मोबाईलमधून नानासोंचा चांगलासा फोटो आणला होता.