डावा गाल

कापसाचा ओला बोळा बाईंच्या डाव्या गालावरून फिरवत रंगूताई कानाच्या पाळीपर्यंत आली आणि थांबली. बोळ्यावर रंगाचा जाड थर उतरला होता. तिनं तो टाकला, दुसरा घेतला.

"हळू गं," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "भिंत खरवडतेयस का?"

"गिलावाच म्हणाले ना ते."

कॅमेरामन तसं म्हणाला होता, तेही सगळ्यांदेखत. खिडकीपाशी चाचणीसाठी दोन कॅमेरे शेजारी शेजारी उभे होते. एक जुना, ज्यानं बाईंचे इतके सिनेमे टिपले, त्याला सगळे 'म्हातारबा' म्हणायचे. दुसरा मोठ्या सेन्सरचा, कालच आलेला. त्याचं नाव दिवेवाल्यांनी दुपारपर्यंत 'नवरीबाई' पाडलंसुद्धा. खुर्ची तीच, खिडकी तीच, ऊनही तेच. म्हातारबाच्या मॉनिटरवर बाई नेहमीसारख्या दिसल्या, तजेलदार. नवरीबाईच्या मॉनिटरवर कॅमेरामन वाकला, आणखी वाकला आणि म्हणाला, "ताई, गिलावा दिसतोय."

दिवेवाले खो खो हसले.

रंगूताईनं वाकून पाहिलं. खोटं नव्हतं. जबड्याशी रंग संपतो तिथली रेघ, नाकपुडीच्या कडेला साचलेली पावडर, कपाळावर पफाचे ठसे. म्हातारबानं इतकी वर्षं तिचं सगळं पोटात घातलं होतं. ही नवी काही म्हणजे काही पोटात घालायला तयार नव्हती. तेवढ्यात दाराशी फोनवर बोलणाऱ्या दिग्दर्शकाचे शब्द कानी आले. "कॅमेरा घेतला तर मेकअपलाही कुणीतरी नवीनच बघावं लागेल." त्यानं आवाज खाली आणला होता, पण पुरेसा नाही.

म्हणून ती बाईंना आत घेऊन आली होती. एक बाजू पुसायची, तिथं पातळ हात द्यायचा, मग दुसरी. डावा गाल पुसून स्वच्छ झाला, तिनं रंगाची डबी उघडली, आणि बाहेरून हाक आली.

"ऊन चाललं! बसवा बाईंना, आहेत तशा बसवा!"

"अहो, अर्धंच झालंय—"

"दोन बाजू दोन तऱ्हेच्या ना? चालतंय की, चाचणीच आहे!"

बाई उठल्या. आरशात एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून पाहिलं. "अर्धी राणी, अर्धी शेजारीण," म्हणाल्या आणि चालू लागल्या. रंगूताईच्या हातात डबी तशीच उघडी राहिली.

संध्याकाळी चित्रण दाखवायच्या खोलीत अंधार झाला. रंगूताई मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी बसवेना.

आधी म्हातारबाचं चित्र आलं. खिडकी पांढरीफेक, पलीकडे काहीच नाही, आणि खुर्चीमागचा कोपरा काळा ठिक्कर. मग नवरीबाईचं आलं. कॅमेरामन खुर्चीवरून अर्धा उठलाच.

"बघा, बघा! खिडकीबाहेरचं पान अन् पान वेगळं आहे. आणि इकडे सावलीत खुर्चीची वीण मोजून घ्या. खिडकीही आहे, खोलीही आहे! आणि फोकस बघा, पापणीवर कसा बसलाय. कान बघा, धुक्यात गेला."

पडद्यावर बाई उजवा गाल दाखवत बसल्या होत्या. गिलावा दिसत होता. रंगूताईनं मान खाली घातली. मग बाई हळूहळू खिडकीकडे वळल्या आणि दिग्दर्शकानं खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला, म्हणून तिनं वर पाहिलं.

डावा गाल उजेडात आला होता. डोळ्याच्या कडेच्या बारीक रेघा, गालावरची लव, हनुवटीजवळचा देवीचा खळगा. बाईंना कशाचं तरी हसू येत होतं आणि त्या ते दाबत होत्या. ओठांआधी गालालाच ते कळलं, तिथं रक्त चढलं, पाण्यात कुंकू विरघळावं तसं.

"थांबवा," दिग्दर्शक म्हणाला. "मागे घ्या. हां. हेच! हेच मला हवं होतं. ताई, डाव्या बाजूला काय लावलंत?"

रंगूताईच्या जिभेवर एका महागड्या रंगाचं नाव आलं होतं. नवीन बेस मागवलाय म्हटलं असतं तर कुणाला पत्ता लागला असता?

"काही नाही," रंगूताई म्हणाली. "पुसलाय तो गाल."

"काहीच नाही?" तो वळून बसला. त्याच्या डोक्यात हिशेब चाललेला अंधारातही दिसत होता. "म्हणजे या कॅमेऱ्याला मग मेकअपचं..."

"पुरं करा की वाक्य," पुढच्या खुर्चीतून बाई म्हणाल्या. त्यांनी मान वळवली नाही. "माझ्याबरोबर सिनेमात आलेल्या साऱ्याजणींची कातडी रंगानं खाल्ली. माझी का नाही खाल्ली, विचारा. काम संपलं की सगळे गाड्यांकडे पळतात. ही मला खुर्चीत दाबून बसवते. तेल, मग साय, मग गार पाणी. मी चिडते, शिव्या देते, बसल्या बसल्या घोरते. हिचा हात थांबत नाही. आणि म्हणे काही लावलं नाही! अहो, ती बाजूच हिनं केलीय."

कॅमेरामननं न सांगता चित्र पुन्हा लावलं.

आजवर रंगूताई पडद्यावर फक्त आपल्या चुका शोधायची. आता शोधायला काही नव्हतं, म्हणून ती नुसती पाहत राहिली. गालात हसू चढलं. किती छान चढलं! ती भिंतीपासून सुटली, पुढे आली आणि पहिल्या रांगेत बाईंशेजारी जाऊन बसली.

"कॅमेरा हाच घ्यायचा ना?"

"हाच," दिग्दर्शक म्हणाला.

"मग दिवे लावायच्या आधी मला विचारायचं. ह्या गालावर समोरून दिवा मारलात तर मी तो विझवीन."

"हुकूम," कॅमेरामन म्हणाला, आणि त्यात थट्टा फारशी नव्हती.

दिग्दर्शक मान खाजवत होता. "ते ठीक आहे. पण नामावलीत 'रंगभूषा' कसं लिहायचं? रंगच नसणार."

रंगूताईनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"मग 'चेहरा' लिहा."

तो हसला. मग हसता हसता पडद्याकडे वळला. तिथं गालात हसू पुन्हा चढत होतं.

"लिहू," तो म्हणाला.